बडोद्याचा 'निबंध'

शाळेच्या वहीतला निबंध आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. बडोदे संस्थानात मात्र निबंध मोडला की दंड भरावा लागे. तिथे निबंध म्हणजे कायदा. १९०४ सालचा बालविवाहाला आळा घालणारा निबंध, १९१५ सालचा हिंदू पुरोहित निबंध, १९३१ सालचा हिंदू लग्नविच्छेद निबंध, अशी तिथल्या कायद्यांची नावे. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात सरकारी गॅझेटला 'आज्ञापत्रिका' म्हणत आणि आज्ञापत्रिकेत छापून आलेला निबंध प्रजेला लागू होई.

'निबंध' हा शब्द मुळात बांधण्याचा. 'नि' उपसर्ग आणि 'बंध्' धातू: घट्ट बांधणे. स्मृतींमधली विखुरलेली, कधी एकमेकांना छेद देणारी वचने एकत्र बांधून निर्णय सांगणाऱ्या ग्रंथांना निबंधग्रंथ म्हणत. कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु' हा असा ग्रंथ. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा 'धर्मसिंधु' हा दुसरा. व्रत कधी करावे, सुतक किती पाळावे, लग्नाला कोणते गोत्र चालते, हे सारे त्यांत बांधलेले. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली आणि मराठी वाचकाच्या मनात निबंधाचा अर्थ पालटला. शास्त्र्यांचा निर्णय जाऊन लेखकाचे विवेचन आले.

त्याच्या पुढच्याच वर्षी, २७ मे १८७५ रोजी, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला आणि सयाजीराव झाला. या राजाच्या कारभारात 'निबंध' पुन्हा बांधणारा झाला. फरक एवढाच, पण फार मोठा: पूर्वी निबंध शास्त्री रचीत आणि राजा तो पाळवून घेई, आता निबंध राज्यच रचू लागले, आणि त्यात मुलीच्या लग्नाचे वय, घटस्फोट, पुरोहिताची लायकी असे विषय येऊ लागले. जे शास्त्र्यांनी बांधले ते राज्याला पुन्हा सोडून बांधता येते, हा विचार जुन्याच शब्दात भरलेला आहे. मला हे शब्दाचे धाडस वाटते. 'कायदा' हा अरबी शब्द तेव्हाही सगळ्यांच्या तोंडी होता. अरबीत 'काइदा' म्हणजे पाया, बैठक. तो घेतला असता तर काम भागले असते. पण मग धर्मशास्त्राच्या अंगणात पाऊल टाकल्याचे कुणाला जाणवले नसते.

सयाजीरावांना शब्दांकडे इतके लक्ष देणे भागच होते. घर मराठी, प्रजा बहुतेक गुजराती, वरचा अंमल इंग्रजांचा, आणि दफ्तरातली भाषा फारसीने भरलेली. घराण्याचा किताबच पाहा: 'सेनाखासखेल'. सेना संस्कृत, खास अरबी, खेलही अरबी 'खैल'वरून, म्हणजे घोडदळ. तीन तुकड्यांचा हा शब्द दाभाड्यांच्या आणि गायकवाडांच्या काळात कुणालाही परका वाटला नाही. दत्तक आलेल्या मुलाला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चारही भाषा शिकाव्या लागल्या. एलियट हे त्याचे शिक्षक, आणि दिवाण सर टी. माधवराव त्याला राज्यकारभारावर व्याख्याने देत. माधवराव तंजावरकडच्या मराठी कुळातले, त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून आलेले. १८८१ च्या अखेरीस अधिकार हाती आले, १८८७ साली सयाजीराव पहिल्यांदा युरोपला गेले, आणि पुढे आयुष्यभर जात राहिले. तिकडे पाहिलेली चांगली गोष्ट इकडे आणायची, हा ध्यास. अमेरिकेतली ग्रंथालये पाहिली, तेव्हा १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालालाच बडोद्याला आणले. पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. त्यांना 'फिरती वाचनालये' म्हणत, आणि वाहतुकीचा खर्च संस्थान भरी. पदरी असलेल्या गोविंद सखाराम सरदेसायांकडून मॅकियाव्हेलीचा 'प्रिन्स' आणि सीलीचा इंग्लंडच्या विस्तारावरचा ग्रंथ मराठीत आणवला. साम्राज्य कसे वाढते हे इंग्रजांच्याच लेखणीतून आपल्या लोकांना वाचायला मिळावे, ही गोष्ट १८९० च्या आसपास एका मांडलिक राजाला सुचली याचे मला आजही कौतुक वाटते.

आता पुरोहित निबंधाकडे जरा जवळून पाहू. पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा द्यावी, दाखला घ्यावा आणि विधीचा अर्थ यजमानाला त्याच्या भाषेत सांगावा, असा त्याचा आशय. वकिलाला सनद लागते तशी भटजींनाही, हा विचार अगदी नव्या जगातला. विरोध अर्थातच झाला. पण 'पुरोहित' आणि 'यजमान' हे दोन शब्द उकलले तर निबंधाची बाजू त्यांतच सापडते. पुरोहित म्हणजे 'पुरस् हित', पुढे ठेवलेला. यजमान हा 'यज्' धातूचा आत्मनेपदी रूपातला शब्द. क्रियेचे फळ करणाऱ्याला स्वतःला मिळत असेल तर अशा धातूचे आत्मनेपद वापरावे, हा पाणिनीचा नियम. दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तो 'यजति'. स्वतःसाठी करतो तो 'यजते', म्हणून यजमान. व्याकरणच सांगते की यज्ञ यजमानाचा. ज्याचा यज्ञ, ज्याला फळ, त्यालाच मंत्राचा अर्थ कळू नये हे व्याकरणात बसत नाही. पुढे ठेवलेल्या माणसाने मागे बसलेल्याला वाट दाखवावी, एवढेच निबंध मागत होता. आज यजमान म्हणजे पाहुण्यांचे आगतस्वागत करणारा, किंवा जुन्या वळणाच्या बाईच्या तोंडी नवरा. पूजेच्या पाटावरचा यजमान मात्र अजूनही बहुधा 'मम' म्हणण्यापुरताच बोलतो.

शिक्षणाच्या शब्दात दोन भाषांनी दोन वाटा धरल्या. १८९३ साली अमरेली तालुक्यात प्रयोग करून १९०६ साली सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू केले. मुलाला शाळेत घातले नाही तर पालकाला दंड. हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली अशाच शिक्षणाची मागणी केली होती. ब्रिटिश मुलखात ती कुणी मनावर घेतली नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणले तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. मराठीत याला म्हणतात 'सक्तीचे शिक्षण'. सक्ती फारसी 'सख्ती'वरून: कठीणपणा, कडकपणा. सक्त मजुरी, सक्त ताकीद, सक्तीची वसुली हे तिचे सोबती. मराठी शेतकऱ्याला हा शब्द शेतसाऱ्याच्या वसुलीतून ठाऊक होता, म्हणजे तलाठी आणि शिपाई यांच्या पाठोपाठ मास्तरही त्याच शब्दाच्या हाताला धरून दारात आला. गुजरातीत मात्र म्हणतात 'फरजियात केळवणी'. फर्ज म्हणजे ईश्वराने माणसावर घातलेले कर्तव्य. पाच वेळची नमाज फर्ज आहे. आणि गुजराती 'केळववुं' म्हणजे कणीक मळून मऊ करणे, चामडे कमावणे, आणि त्यावरूनच माणूस घडवणे. कायदा तोच, दंडही तोच. पण मराठी शब्दात सरकारचा हात दिसतो आणि गुजराती शब्दात बापाचे कर्तव्य. मला गुजराती शब्द अधिक न्याय्य वाटतो, कारण केळवणी म्हटली की घडवणाराही आला, म्हणजे शिकवण्याचे ओझे तो राज्यावरही टाकतो. आपण मात्र सक्ती सोडली नाही: २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या मराठी नावातही 'मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा' हक्क आहे. त्यातला 'मोफत'ही फारसी 'मुफ्त'च.

'कला' या शब्दाचे वेगळेच झाले. १८९० साली त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने बडोद्यात 'कलाभवन' उघडले. आजचा वाचक नाव ऐकून चित्रे आणि पुतळे डोळ्यांसमोर आणील. तिथे मात्र रंगाई, विणकाम, सुतारकी, यंत्रविद्या शिकवत. धुंडिराज गोविंद फाळके तिथेच शिकले. युरोपातल्या तंत्रशाळांना जुळता शब्द शोधताना चौसष्ट कलांच्या यादीकडे पाहिले गेले असावे, कारण त्या यादीत गाण्याबजावण्याबरोबर तक्षण म्हणजे सुतारकाम आहे, वास्तुविद्या आहे, धातुवाद आहे. हाताचे काम आणि कला यांत आपल्या भाषेत भिंत नव्हती. पुढे भिंत उभी राहिली. सुतारकी 'तंत्र' झाली, चित्र 'कला' उरले, आणि शांतिनिकेतनातले कलाभवन चित्रकारांचे झाले. ही वाटणी भाषेला महागात पडली असे माझे मत आहे.

या सगळ्या शब्दखटपटीचा कळस म्हणजे १९३१ सालचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु'. राज्यकारभारातले इंग्रजी शब्द, आणि त्यांच्यासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली अशा भाषांतले प्रतिशब्द. मराठी राजाने कारभाराचा कोश करवून घेण्याची ही पहिली वेळ नव्हे. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' करवला होता. मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत, सुरनिसाचा सचिव झाला तो त्याच काळात. शिवकालीन कोशाला फारसीच्या जागी संस्कृत बसवायचे होते, कारण नुकते उभे राहिलेले राज्य आपले आहे हे त्याला कागदावरही दाखवायचे होते. सयाजीरावांच्या कोशात फारसी आणि उर्दूला हाकललेले नाही, त्यांना रकाना दिला आहे. अडीचशे वर्षांत फारसीची भीती ओसरली होती. शेजारच्या सगळ्या भाषांना एका पानावर बसवून विचारायचे, तुमच्याकडे याला काय म्हणतात, ही रीत मला फार आवडते. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सयाजीरावांकडे आले.

त्याच १९३१ सालचा लग्नविच्छेद निबंध. हिंदू स्त्रीला आणि पुरुषाला विवाह मोडण्याची कायदेशीर वाट देणे म्हणजे विलायतेची नक्कल, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ. शब्द काय सांगतात ते पाहा. 'घटस्फोट' हा शब्द धर्मशास्त्रातला, पण विवाहाचा नव्हे. पतिताला जातीबाहेर टाकताना आप्तांनी त्याच्या नावाचा पाण्याचा घडा लवंडायचा आणि तो मेला असे मानायचे, हा तो विधी. जिवंत माणसाचे मरण जाहीर करणारा शब्द आपण नवराबायकोच्या वेगळे होण्याला लावला, आणि तोच शिष्ट मराठीत टिकला. 'फारकत' मूळची 'फारिगखत', म्हणजे देणे फिटल्याचा लेख. गुजरातीत 'छूटाछेडा': लग्नात वधूवरांच्या वस्त्रांची टोके बांधतात, ती सोडायची. आणि मराठी कुणब्या-माळ्यांच्या बोलीत 'काडीमोड': पंचांसमोर काडी मोडायची, आणि दोघे मोकळे. पुढे बाईचा पाट लागे, मोहतूर होई, म्हणजे दुसरे लग्न. मोडण्याला शब्द होता, विधी होता, पंच होते, पुन्हा मांडण्यालाही शब्द होता. म्हणजे जे परके म्हणून नाकारले जात होते ते गावकुसाच्या आत कित्येक पिढ्या रुजलेले होते. परके होते ते फक्त वरच्या जातींच्या घरांना. कवळाण्याच्या शेतकरी घरातून आलेल्या राजाला काडीमोड हा शब्द नव्याने शिकावा लागला नसेल.

निबंधात मात्र 'लग्नविच्छेद' आला, काडीमोड आला नाही. याची मला हळहळ वाटते. विच्छेद शब्द कापतो. काडी नुसती मोडते. निबंधाचा आशय मात्र काडीमोडीच्याच बाजूचा होता: जी मोकळीक शेतावर राबणाऱ्या बाईला पंचांपुढे मिळत होती, ती आता वाड्यातल्या बाईला न्यायाधीशापुढे मागता येऊ लागली. मुंबई प्रांतात हिंदू विवाह मोडण्याचा कायदा १९४७ साली झाला, देशभर १९५५ साली. तोवर बडोद्याच्या हद्दीतल्या वाड्यातल्या बाईला जी वाट होती, ती हद्दीपलीकडे ब्रिटिश मुलखातल्या तिच्या बहिणीला नव्हती.