देशी आशयाचे नियमन आणि कुलाब्याची किनारपट्टी (१९५२–१९५७)

प्रस्तावना : आकाशवाणीवरील आशय अस्सल भारतीय असावा, हा स्वातंत्र्योत्तर शासनाचा आग्रह प्रत्यक्षात देशातच निर्माण होणाऱ्या चित्रपटगीतांविरुद्ध वळला. मुंबई केंद्राच्या टप्प्यातील तत्कालीन कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्याची किनारपट्टी दृष्टीसमोर ठेवून या धोरणाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धोरण व परिणाम : १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या डॉ. बा. वि. केसकर यांना चित्रपटसंगीतातील पाश्चात्त्य अनुकरण अमान्य होते. या गीतांवर प्रक्षेपणवेळेच्या १० टक्क्यांची मर्यादा आली. चित्रपटाचे नाव सांगणेही थांबले. निर्मात्यांनी प्रक्षेपणाची परवानगी काढून घेतली व श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. लघुलहरींना देशाची सीमा अडवीत नव्हती. अलिबाग वा मुरूड येथील श्रोत्याला मुंबई सोडून कोलंबो लावण्यास रेडिओचा काटा फिरवणे पुरेसे होते. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

याच काळात पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायण’ सादर केले. त्यातील ५६ गीतांचे कर्ते ग. दि. माडगूळकर व संगीतकार सुधीर फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीतीलच होते.

निष्कर्ष : निर्बंधाने श्रोता परदेशी केंद्राकडे गेला, सकस निर्मितीने तो आकाशवाणीशी जोडला गेला. ‘देशी’ कशास म्हणावे, हे श्रोत्यास वगळून ठरविणारे नियमन टिकत नाही, हेच यावरून स्पष्ट होते.