‘महल’मधील भीती कशी तयार झाली?

भूत समोर येण्यापेक्षा ते नेमके कुठे आहे हे न कळण्याची भीती मोठी असते. कमाल अमरोही दिग्दर्शित ‘महल’ (१९४९) हा बॉम्बे टॉकीजचा चित्रपट याचे उत्तम उदाहरण आहे. जुन्या महालात अशोककुमारला रात्री एका स्त्रीचे गाणे ऐकू येते. तो आवाजाचा माग काढतो, पण हाती काही लागत नाही.

संगीत खेमचंद प्रकाश यांचे आणि आवाज आपल्या इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकरांचा. स्वर दुरून जवळ येतो असे वाटावे म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्या खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइकपर्यंत चालत आल्या. त्यामुळे प्रेक्षकाला कोणीतरी आपल्याकडेच येत असल्याचा भास होतो. छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग यांनी पडद्याचा बराच भाग अंधारात ठेवला, म्हणून नजर त्या अंधारातच काहीतरी शोधत राहते.

आम्ही घरी हाच प्रसंग आवाज बंद करून पाहिला. मधुबाला तेवढीच सुंदर दिसली, भीती मात्र निघून गेली. भयपट पाहताना नातवंडे घाबरली, तर आधी आवाज कमी करून पाहावा. भीती बरीचशी कानांतूनच शिरते.