प्लीहेच्या आकाराचे सोनोग्राफीने मापन

प्लीहा किंवा पानथरी पोटाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, जठर आणि डाव्या मूत्रपिंडाला लागून असते. प्रौढ माणसात तिचे वजन साधारण 150 ग्रॅम भरते. निरोगी प्लीहा सहसा हाताला लागत नाही आणि लागेपर्यंत ती बरीच वाढलेली असते. म्हणून पोट चाचपून काही लागले नाही, एवढ्यावरून आकार ठीक आहे असे म्हणता येत नाही. सोनोग्राफीने तो थेट मोजता येतो, तोही क्ष-किरणांशिवाय.

रुग्णाला उताणे किंवा उजव्या कुशीवर झोपवून डावा हात डोक्यावर घ्यायला सांगतात, म्हणजे बरगड्यांमधल्या फटी रुंदावतात. जेल लावून 2 ते 5 मेगाहर्ट्‌झचा वक्र प्रोब काखेच्या मागच्या रेषेजवळ, बरगड्यांच्या कलाने फटीत टेकवतात. यकृत पाहताना ‘पूर्ण श्वास घ्या, धरा’ असे सांगतात. इथे मात्र पूर्ण श्वास बहुधा आड येतो, कारण फुगलेले फुप्फुस खाली उतरून प्लीहेचे वरचे टोक झाकते. अर्धा श्वास पुरतो. दोन्ही टोके आणि रक्तवाहिन्या शिरतात ती खाच एकाच चित्रात आली, की टोकापासून टोकापर्यंतचे सर्वांत मोठे अंतर घेतात. तीच लांबी. प्रोब जरा कलला की ती कमी भरते, म्हणून दोन-तीन चित्रे घेऊन मोठे माप नोंदवावे. उलट चूकही होते: यकृताचा डावा खंड कधी प्लीहेपर्यंत पोचतो आणि दोन्ही मिळून एकच लांबट अवयव भासतो.

व्यवहारात लांबीची वरची मर्यादा 12 सेंटिमीटर धरतात, काही ठिकाणी 13. जर्मनीत ‘4711’ हा नियम शिकवतात: जाडी 4, रुंदी 7, लांबी 11 सेंटिमीटर. कोलोनच्या प्रसिद्ध अत्तराचे नावही 4711, त्यामुळे तो कुणी विसरत नाही. लक्षात राहणे हा नियमाचा गुण, पण सर्वांना एकच माप लावणे हा दोष. ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात 2016 साली प्रसिद्ध झालेल्या 1,200 निरोगी व्यक्तींच्या अभ्यासात प्लीहेचा आकार उंची आणि लिंगानुसार लक्षणीय बदलताना आढळला. सहा फुटी तरुणाची 12.5 सेंटिमीटरची प्लीहा निर्दोष असू शकते. ठेंगण्या वृद्धेत तेच माप तपासणीला कारण ठरते. आपल्याकडच्या अहवालांत पुष्कळदा ‘नॉर्मल इन साइझ अँड इकोटेक्श्चर’ एवढेच छापलेले असते. आकडा लिहिलेला असला तर पुढच्या वेळी तुलनेला उपयोगी पडतो.

तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला 0.523 ने गुणले की अंदाजे घनफळ मिळते. रोजच्या तपासणीत ते क्वचितच काढतात.

मलेरिया, काळा आजार, यकृताचा सिर्‍होसिस, थॅलेसेमिया, रक्ताचा कर्करोग यांत प्लीहा वाढते. सिकलसेलमध्ये, जो विदर्भात बराच आढळतो, ती बालपणी वाढते आणि पुढे रक्तपुरवठा वारंवार खंडित होऊन प्रौढपणी आक्रसलेली, कॅल्शियम साचलेली सापडू शकते. शेजारी कधी लहानशी उपप्लीहा दिसते. ती जन्मजात व निरुपद्रवी असते आणि लांबीत मोजत नाहीत.