कंदिलातली चंद्रकळा

जुनी इंदूर म्हटले की मला मावशीच्या घरातला कंदील आठवतो. संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी वीज गेली असता तिने दारावरच्या कापडवाल्याकडून काळी चंद्रकळा घेतली. सकाळी अंगणात घडी मोडली, तर लुगडे गर्द निळे! बिचारी रडकुंडीला आली.

कापडवाल्याने फसवले नव्हते. रॉकेलच्या ज्योतीत पिवळा-तांबडा प्रकाश पुष्कळ, निळा अगदी थोडा. निळे कापड मुख्यतः निळाच प्रकाश परतवते. तोच पोचला नाही, तर परतवणार काय? म्हणून ते काळे दिसते.

वस्तूचा रंग उजेडावर ठरतो, हे पाहण्याची दृष्टी याच शहरात एका मराठी मास्तरांनी दिली. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली येथे चित्रकला विद्यालय सुरू केले. फ्रान्समध्ये मोने यांनी १८९०-९१ मध्ये त्याच गंजी वेगवेगळ्या वेळच्या उजेडात रंगवल्या होत्या. त्या दृक्‌प्रत्ययवादाची छाप इंदूरच्या निसर्गचित्रांवर उमटली. ना. श्री. बेंद्रे, विष्णू चिंचाळकर, दे. ज. जोशी, हुसेन ही सारी देवळालीकरांचीच शिष्यमंडळी. शिष्यांची नावे देशभर झाली. मास्तरांचे नाव आज किती घरांत ठाऊक आहे?

आम्ही दोन भाषांच्या मुलखातली माणसे. घरचा इतिहास एका भाषेच्या कंदिलात वाचतो आणि निळ्याला काळे ठरवून भांडतो. मी मुलांना एवढेच सांगतो, बाळांनो, निकाल देण्याआधी घडी अंगणात नेऊन मोडा.