परमुलखात राहावे कसे? : जुन्नरला आलेल्या एका परक्याची हकिगत

श्रोतेहो, ‘देश तसा वेष’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. म्हणायला ती सोपी आहे. पण पाळायला निघालात की अडचण कळते. अंगरखा बदलता येतो हो. पण जेवण, भाषा, देवधर्म यांचे काय? किती बदलायचे आणि किती राखायचे? साडेपाचशे वर्षांपूर्वी एका परदेशी व्यापाऱ्याला हाच प्रश्न पडला, आणि तोही आपल्या जुन्नरात. त्याची हकिगत आज सांगतो.

त्याचे नाव अफानासी निकितिन. रशियात व्होल्गा नदीकाठी त्वेर नावाचे शहर आहे, तिथला हा रहिवासी. माल घेऊन तो दक्षिणेकडे निघाला, पण वाटेत अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. ज्यांचे गावी काही होते ते गावी परतले, आणि ज्यांच्या डोक्यावर देणे होते ते वाट फुटेल तिकडे गेले, असे तो लिहितो. हाही तसाच पुढे निघाला. इराण ओलांडून होर्मुझ बंदरात आला आणि तिथून एक घोडा बरोबर घेऊन गलबतात बसला. दख्खनमध्ये घोड्याला मोठी किंमत येते, हे त्याने ऐकले होते. 1470 च्या सुमारास तो आपल्या चौल बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला आला 1498 साली. म्हणजे हा त्याच्या पंचवीस वर्षे तरी आधीचा.

चौलात उतरल्यावर त्याला पहिला अनुभव काय आला? जाईल तिथे माणसांचा घोळका मागे. गोऱ्या माणसाचे सगळ्यांना नवल! पुढे तो घाट चढून जुन्नरला आला तेव्हा पावसाळा लागला. दोन महिने तो तिथेच अडकून पडला. रात्रंदिवस पाणी आणि चिखल. पण लोक याच दिवसांत नांगरतात आणि पेरतात, अशी नोंद त्याने केली आहे. घोड्यांना हरभरा आणि तूप-साखर घातलेली खिचडी देतात, हेही त्याने लिहून ठेवले. शेतकऱ्याच्या नजरेने आपला पावसाळा पाहणारा असा परका विरळाच.

तेव्हा इथे बहमनी राज्य होते. जुन्नरचा अंमलदार असदखान याला कळले, की हा मुसलमान नव्हे, रशियन ख्रिस्ती आहे. त्याने घोडा काढून घेतला आणि सांगितले, “आमचा धर्म घे, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो. नाहीतर घोडाही गेला आणि हजार मोहरा तुझ्याकडून वसूल करीन.” मुदत चार दिवसांची. ना ओळख, ना पाळख. जवळची सगळी पुंजी त्या घोड्यात. काय करील बिचारा? एवढ्यात खुरासानचा एक मुसलमान सरदार तिथे आला. निकितिनने त्याचे पाय धरले. त्या भल्या माणसाने स्वतः खानाकडे जाऊन रदबदली केली आणि घोडा सोडवून दिला. संकट आणणाराही मुसलमान आणि तारणाराही मुसलमान. शिक्षक मित्रहो, इतिहास शिकवताना हे मुलांना जरूर सांगा.

या प्रसंगानंतर निकितिनने आपल्या देशबांधवांना एक सल्ला लिहिला. ज्याला हिंदुस्थानात जायचे असेल, त्याने आपला धर्म रशियातच ठेवावा आणि महंमदाचे नाव घेत जावे! सल्ला कडवट आहे; पोळलेल्या माणसाचा आहे. व्यापाराबद्दलही त्याने सावध केले: मिरी आणि रंग स्वस्त खरे, पण जकात भारी आणि समुद्रात चाचे फार.

पण पुढे बीदरला त्याचा अनुभव निराळा आला. तोवर तो खोजा युसुफ खुरासानी या नावाने वावरत होता. तिथल्या हिंदूंशी त्याचा परिचय वाढला, तेव्हा त्याने त्यांना खरे सांगून टाकले, की मी ख्रिस्ती आहे, माझे नाव अफानासी. त्यानंतर त्या लोकांनी आपले खाणेपिणे, व्यापार, पूजाअर्चा, घरची माणसे, काहीच त्याच्यापासून लपवले नाही. शिवरात्रीला ते त्याला ‘पर्वत’ या तीर्थालाही घेऊन गेले. हे बहुधा श्रीशैल. खोट्या नावाने पोट भरले. मित्र मात्र खऱ्या नावाने मिळाले.

मात्र नवा मुलूख अंगवळणी पडला म्हणजे सारे भागले, असे नाही. त्याच राज्याचा वजीर महमूद गवान हाही परकाच, इराणातल्या गीलानचा. व्यापारी म्हणून आला आणि वजीर झाला. बीदरला मोठा मदरसा बांधला. पण दख्खनी आणि बाहेरून आलेले आफाकी या सरदारांच्या वैरात त्याच्यावर कपटाने बालंट आले, आणि 1481 साली सुलतानाने त्याला मारवले. सुलतानाला चूक उमगली, पण वेळ गेल्यावर.

निकितिनच्या मनाची ओढाताण शेवटपर्यंत संपली नाही. पोथ्या लुटल्या गेल्यामुळे त्याला आपल्या सणांच्या तिथी कळेनात. मग तो अंदाजाने उपास धरी. त्याच्या लिखाणात रशियनमध्ये तुर्की, फारसी, अरबी शब्द मिसळलेले आहेत, प्रार्थनासुद्धा तशाच. त्याने धर्म बदलला होता की काय, यावर विद्वान अजून वाद घालतात. अखेर दाभोळला गलबतात बसून तो परत निघाला. पण घरी पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याला मरण आले. त्याची वही व्यापाऱ्यांनी 1475 साली मॉस्कोला पोचवली, म्हणून आज आपल्याला हे माहीत.

मंडळी, परमुलखात जाणाऱ्याने यातून काय घ्यावे? तिथले पाऊसपाणी आणि शेतीभाती आधी पाहावी. भाषा शिकावी. ऐकीव भावावर विसंबू नये. आणि जिथे माणसे भली दिसतील तिथे आपले खरे नाव सांगावे.

आणि आपण, गावात राहणाऱ्यांनी? बदली होऊन आलेला मास्तर, ऊसतोडीला आलेले कुटुंब, परप्रांतातला वीटभट्टीचा मजूर, हे सगळे आपल्या दाराशी आलेले निकितिनच. त्यांना असदखान भेटायचा, की तो खुरासानी सरदार, हे त्यांच्या हाती नसते. ते आपल्या हाती असते.