चढणीचा मासा

धारवाड हे नगर पाणलोटाच्या माथ्यावर वसलेले आहे. सोमेश्वराच्या देवळापाशी उगम पावणारी शाल्मला बेडतीला मिळून पश्चिम समुद्राची वाट धरते. तर हुबळी-धारवाडच्या पूर्वेकडील उतारावर पडलेला पाऊस मलप्रभेच्या मार्गाने कृष्णेत जाऊन अखेर बंगालच्या उपसागरास मिळतो. पहिला दमदार पाऊस झाला, ओढ्यांना गढूळ पाणी आले, की दोन्ही उतारांवरच्या नद्यांतील मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. त्यांच्या पोटात गाभोळी असते आणि अंडी घालण्यास योग्य असे वाहते, उथळ पाणी त्यांना हवे असते. खेड्यापाड्यांतून त्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात, आणि नेमके त्याच दिवसांत त्यांना पकडण्यासाठी लोकांची झुंबड उडते.

चढणीच्या माशांत साऱ्या जगात कीर्ती मिळाली ती पाश्चात्त्य देशांतील सॅमनला. गोड्या पाण्यात जन्मून समुद्रात वाढणारा व अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या नदीत परतणारा हा मासा सर्वांच्या ऐकिवात आहे. परंतु त्याच्या काही शाखा समुद्राकडे कधी जातच नाहीत. स्वीडनमधील व्हेनर्न, रशियातील लाडोगा, अमेरिकेच्या मेन प्रांतातील सेबागो अशा विस्तीर्ण सरोवरांनाच त्या समुद्र मानतात आणि सरोवरास मिळणाऱ्या नद्यांत अंडी घालतात. आपल्याकडे बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याचा प्रघात आहे. पण रावस हा खाऱ्या पाण्याचा, निराळ्याच कुळातला मासा होय. सॅमनशी स्वभावाने जुळणारा दख्खनचा मासा म्हणजे महसीर, म्हणजेच मराठीतील खडशी. कुळाने तो रोहू-कटल्याचा भाऊबंद. पण वेगवान, स्वच्छ, खडकाळ पाण्याची आवड आणि पावसाळ्यात वर चढण्याची ओढ ही त्याची लक्षणे सॅमनची आठवण करून देतात. धारवाडहून पन्नास-साठ किलोमीटरवर, दांडेलीच्या रानातून वाहणारी काळी नदी या माशाकरिता पूर्वापार नामांकित आहे.

या भूमीत माशांच्या शिकारीला मोठा जुना इतिहास आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, या त्यातील उल्लेखामुळे मराठी अभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहे. पाच विंशती व शंभर अध्याय अशी त्याची रचना असून, राजाच्या करमणुकींच्या विभागात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. कोणता मासा कोठे राहतो, त्याला कोणते खाद्य घालून वश करावे, गळाची दोरी व काठी कशी असावी, याचे विवेचन त्यात आढळते. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर निबंध लिहून आधुनिक अभ्यासकांचे लक्ष त्याकडे वेधले. गळ टाकून बसण्याचा छंद इंग्रजांनी येथे आणला, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

महसीरला शास्त्राच्या दप्तरात स्थान मिळाले ते मात्र इंग्रजी अमदानीत. मुंबई सरकारने १८२४ मध्ये दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामी नेमलेला विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी चौकस निसर्गाभ्यासकही होता. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेल्या महसीरचे वर्णन त्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. नव्या माशांना नावे देताना त्याने वारंवार लॅटिन कोशापेक्षा नदीकाठच्या माणसांच्या बोलीचा आधार घेतला. खुद्री, कोलस, नुक्ता ही नावे त्याने जशी ऐकली तशी उतरून घेतली. नाकाच्या विचित्र ठेवणीमुळे कोळ्यांनी ज्याला ‘नकटा’ म्हटले, तो जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत ‘नुक्ता’ म्हणून विराजमान झाला. आणि दख्खनचा महसीर आजही ‘टोर खुद्री’ या नावानेच ओळखला जातो. ज्या अनाम कोळ्यांनी ही नावे सांगितली, त्यांचे एवढेच स्मारक उरले आहे.

पुढे इंग्रज अधिकाऱ्यांत महसीरच्या शिकारीचा छंद फैलावला. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गळाला लागल्यावर झुंज देण्यात महसीर सॅमनलाही हार जात नाही, असा निर्वाळा दिला. परंतु थॉमस केवळ शिकारी नव्हता. नद्यांत विष कालवणे, बारीक जाळ्यांनी पिलांचा संहार करणे या प्रकारांविरुद्ध त्याने सरकारकडे आग्रह धरला. १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्याने पाण्यात विष टाकण्यास व सुरुंग उडवण्यास मनाई केली. तथापि कायदा कागदावर राहिला आणि सुरुंग नदीत उडत राहिला.

विसाव्या शतकात याहून मोठे संकट आले, आणि ते विकासाच्या मार्गाने आले. खोपोलीच्या वीजगृहाकरिता लोणावळ्याच्या परिसरात टाटांनी धरणे बांधली. १९१५ मध्ये तेथून वीज वाहू लागली. काळी नदीवर १९८० च्या दशकात सुपा येथे प्रचंड धरण उभे राहिले. या विजेवर गिरण्या चालल्या, शहरे उजळली. तिचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु चढणीच्या माशाच्या दृष्टीने धरण म्हणजे वाटेत उभी केलेली भिंत. त्याला ना वर जाता येते, ना अंडी घालण्यास उथळ, वाहते पाणी मिळते.

याच भिंतींच्या आड मात्र एक अनपेक्षित गोष्ट घडली. लोणावळ्याच्या तलावांत अडकलेले महसीर तेथेच वाढले आणि पावसाळ्यात तलावास मिळणाऱ्या ओढ्यांकडे धाव घेऊ लागले. सेबागोच्या सॅमनने जे केले तेच त्यांनी केले. मत्स्यविभागाचे निवृत्त संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी हा क्रम बारकाईने न्याहाळला. अंड्यांवर आलेल्या माद्या पकडून, त्यांची अंडी हलक्या हाताने काढून, नराच्या रेताने ती फळवून पिले तयार करण्याची पद्धत त्यांनी बसवली. त्यासंबंधीचा त्यांचा निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. वळवण येथील टाटांच्या केंद्रातून महसीरची असंख्य पिले निरनिराळ्या प्रांतांतील जलाशयांत व नद्यांत रवाना झाली. नष्ट होऊ पाहणारा एक मासा मनुष्याच्या हातून वाचला, असे वाटावे असाच हा प्रयत्न होता.

या कथेचा उत्तरार्ध मात्र विचार करावयास लावणारा आहे. कावेरीच्या खोऱ्यात एक वेगळाच, पाठीला उंचवटा असलेला विशाल महसीर राहत असे. म्हैसूरच्या व्हान इंजेन यांनी १९४६ मध्ये कबिनी नदीत पकडलेल्या अशा एका माशाचे वजन १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो भरले होते. त्याच कावेरीत १९७० च्या दशकापासून लोणावळ्याची पिले सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण पाहुण्याने घर बळकावले. निळसर परांचा परका महसीर वाढत गेला आणि मूळचा कावेरीचा महसीर हटत गेला. वाळूउपसा, विष, सुरुंग व धरणे यांनी त्यात भर घातली. हा कावेरीचा महसीर म्हणजे ‘टोर रेमादेवी’ होय, हे संशोधकांनी २०१८ मध्ये निश्चित केले, आणि त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याची नोंद झाली. माशाची ओळख पटली तेव्हा तो निघण्याच्या बेतात होता!

कॅनडाच्या सीमेवरील ओंटारिओ सरोवराचा दाखला येथे लक्षात घेण्यासारखा आहे. त्या सरोवरातही सॅमन विपुल होता. गिरण्यांसाठी घातलेले बांध, किनाऱ्यावरील जंगलतोड व बेसुमार मासेमारी यांनी तो घटू लागला, तेव्हा सॅम्युएल विल्मट याने १८६६ च्या सुमारास स्वतःच्या शेतालगतच्या ओढ्यावर अंडी उबवण्याचा प्रयोग आरंभिला. सरकारने त्याला पाठबळ दिले. लक्षावधी पिले पाण्यात सोडली गेली. तरीही एकोणिसावे शतक संपता संपता सरोवरातला मूळचा सॅमन नाहीसा झाला, कारण पिले वाढली तरी त्यांची नदी सुधारली नव्हती.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. महाडजवळ काळ नदीत वाळण कोंड नावाचा डोह आहे. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तेथील महसीर कोणी धरीत नाही. लोक त्यांना खाऊ घालतात आणि ते निर्भयपणे काठाशी येतात. शृंगेरीस तुंगेच्या घाटावरही हेच दृश्य दिसते. या डोहांपाशी ना उबवणी केंद्र आहे, ना पहारेकऱ्यांची फौज. काही पाण्याला हात लावावयाचा नाही, एवढा एकच नियम तेथे पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. कोणी त्यास श्रद्धा म्हणेल, कोणी शहाणपण. माशाच्या दृष्टीने दोहोंचे फळ एकच.

शास्त्राचे साहाय्य नको, असा याचा अर्थ नव्हे. कोणता मासा कोणत्या नदीचा, हे शास्त्रानेच सांगावयाचे आहे, आणि पिले सोडण्यापूर्वी ते विचारणे आपले काम आहे. मृग नक्षत्रात ओढ्याकाठी टोपली घेऊन जाणाऱ्याने तर एवढेच ध्यानात धरावे, की चढणीच्या माशाच्या पोटात पुढच्या वर्षाची नदी असते. तो वर पोचला, तरच खाली मासे उरतील.