न वाचलेला कौल

परवा जुने कागद आवरताना मामाचा एक पिवळा पडलेला सातबारा हाती लागला आणि पेणचा तो रविवार आठवला. भाचरं विचारतात, "कसला रविवार?" म्हणून हे लिहून ठेवतोय.

२१ सप्टेंबर २००८. अनंत चतुर्दशी होऊन आठवडाच झालेला, पितृपक्ष लागलेला, खारेपाटात भात उभं. त्या दिवशी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं. प्रश्न एकच : महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही?

सेझचा कायदा २००५ चा. त्याखाली रिलायन्सच्या या प्रकल्पासाठी पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतली जमीन घ्यायची होती. पण ती घेण्याचा कायदा इंग्रजांचा, १८९४ चा! त्यात हरकत नोंदवायला तीस दिवस मिळत. शेतकऱ्याच्या संमतीची अट नव्हती. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन आणि गावोगावचे शेतकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे हे मतदान पदरात पडलं.

खारेपाटातली जमीन म्हणजे खाडीकडून मिळवलेली जमीन. मातीचा बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, तेव्हा भात पिकतं. बांध एका जागी फुटला तरी खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं. मामा म्हणायचा, "आधी धावायचं, शेत कुणाचं ते मागाहून बघायचं." एकत्र बसून निर्णय घेणं या लोकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. शिवाय हेटवण्याच्या पाण्याची आशा लागलेली असताना जमीनच जाणार, हे गळी उतरणार कसं?

हजारोंनी मतदान झालं. बहुतेक मतं विरोधात गेल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलं. पण सरकारने निकाल अधिकृतपणे जाहीर केलाच नाही. कौल बंधनकारकही नव्हता. पुढे मुदतीत भूसंपादन पूर्ण झालं नाही आणि प्रकल्प बारगळला. म्हणजे जमीन वाचली; पण तुमचं म्हणणं ऐकलं, असं कुणी म्हटलं नाही.

आणखी एक गोष्ट मला खुपते. जमिनीचा प्रश्न आला की सातबाऱ्यावर नाव असलेल्याला विचारलं जातं. मग खाडीत मासे धरणारा कोळी? मजुरीवर जगणारा कातकरी? लावणी करणारी, पण कागदावर नसलेली मामी?

ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावरच्या खाणीबद्दल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारा गावांनी नकार दिला आणि तो मानला गेला. त्याच वर्षी १८९४ चा कायदा जाऊन नवा आला. खासगी कंपनीसाठी जमीन संपादन करायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, असं त्यात आलं. पेणच्या रविवारचं त्यात किती देणं आहे, ते मोजता येणार नाही. पण लोकांना विचारता येतं, हे त्या २२ गावांनी आधीच दाखवलं होतं.

मामा आता नाही. त्याचं मत काय होतं, हे मी कधी विचारलं नाही. सातबारा मात्र पुन्हा नीट घडी करून ठेवलाय.

असो. तुमच्या गावाला कधी कुणी असं विचारलंय का?